शिधा आणि परतीची वाट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ब्रह्मदेश म्हटलं की मराठी माणसाला दोन वास्तू आठवतात. एक मंडालेचा तुरुंग, जिथे लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ या काळात शिक्षा भोगली. दुसरी रत्नागिरीचा थिबा राजवाडा, जिथे त्या देशाचा शेवटचा राजा १९१६ साली नजरकैदेतच वारला. आपला ब्रह्मदेशाशी परिचय बहुतेकांच्या बाबतीत इथेच संपतो. आज मात्र त्या देशाच्या पश्चिम कडेला असलेल्या आराकान प्रांताविषयी बोलायचं आहे. या प्रांतातून पुन्हापुन्हा बाहेर पडावं लागलेल्या रोहिंग्या लोकांना छावण्यांमध्ये जी मदत मिळत आली, तिचा हा इतिहास आहे. मदत म्हणजे काय, तर तांदूळ, डाळ, तेल, डोक्यावर ताडपत्री आणि प्यायला पाणी. गोष्ट साधी वाटते. पण हा शिधा किती द्यायचा, हे कोण ठरवतं आणि कशावरून ठरवतं, असा प्रश्न विचारला की या साध्या गोष्टीमागचं राजकारण दिसू लागतं.

आराकान ही बंगालच्या उपसागराच्या काठची एक लांबट पट्टी. आज तिला राखाइन म्हणतात, आणि ब्रह्मदेशाला १९८९ पासून म्यानमार. डोंगरांच्या रांगांनी ही पट्टी उरलेल्या देशापासून तोडली आहे. उत्तरेला नफ नदी, आणि नदी ओलांडली की चितगावचा मुलूख. त्यामुळे या प्रांताचं येणंजाणं शतकानुशतकं बंगालशी राहिलं. म्रौक-ऊ ही इथल्या राज्याची राजधानी. राजे बौद्ध, पण त्यांच्यातले काही जण नाण्यांवर मुसलमानी किताब कोरत. सतराव्या शतकात आलाओल हा मोठा बंगाली कवी याच दरबाराच्या आश्रयाने राहिला.

१७८४ साली ब्रह्मदेशचा राजा बोदौपाया याच्या फौजा आराकानात शिरल्या आणि हे राज्य संपलं. हा बोदौपाया म्हणजे आपल्या रत्नागिरीतल्या थिबाचा पूर्वज. त्याच्या कारभाराला कंटाळून आराकानी लोक हजारोंनी नफ नदी ओलांडून ईस्ट इंडिया कंपनीच्या हद्दीत आले. त्यांत मोठा भरणा बौद्धांचा होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यांना जमिनीवर वसवण्यासाठी कंपनीने कॅप्टन हिराम कॉक्स या अधिकाऱ्याची नेमणूक केली. काम पुरं होण्याआधीच १७९९ साली तो वारला. त्याच्या नावाने तिथे बाजार वसला, तो कॉक्स बाजार. आज जगातली सर्वांत मोठी निर्वासित छावणी ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याचं नावच अशा प्रकारे निर्वासितांची व्यवस्था पाहणाऱ्या माणसावरून पडलं आहे. त्याच १७९९ साली फ्रान्सिस बुकॅनन याने ब्रह्मदेशातल्या भाषांवरचा निबंध प्रसिद्ध केला. आराकानात फार पूर्वीपासून राहणारे मुसलमान स्वतःला ‘रुइंगा’ म्हणवतात, अशी नोंद त्यात आहे.

पुढे १८२६ च्या यांदाबोच्या तहाने आराकान इंग्रजांकडे गेला. भातशेती वाढवण्यासाठी चितगावकडून मजूर आले, काही हंगामापुरते, काही कायमचे. जुने मुसलमान आणि नवे मुसलमान यांची सरमिसळ झाली. ‘हे सगळेच बाहेरचे’ या आरोपाला आधार मिळाला तो इथे. १९४२ साली जपानी सैन्य आलं, तेव्हा इंग्रजांनी मुसलमानांच्या हाती शस्त्रं दिली होती आणि राखाइन बौद्ध बहुतांशी जपान्यांच्या बाजूला होते. दोन्हीकडे कत्तली झाल्या. मुसलमान उत्तरेकडे आणि बौद्ध दक्षिणेकडे सरकले. प्रांताची ही फाळणी लोकांच्या मनात राहून गेली.

तरीही स्वतंत्र ब्रह्मदेशाच्या पहिल्या काळात रोहिंग्यांना मतदान करता येत होतं, त्यांच्यातले काही जण संसदेत निवडूनही गेले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तर रंगूनच्या सरकारी नभोवाणीवरून रोहिंग्या भाषेतला कार्यक्रम प्रसारित होत असे. नभोवाणीच्या श्रोत्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. सरकारी केंद्रावरून आपली बोली ऐकू येणं म्हणजे आपण या देशाचे आहोत याची पावती. १९६२ साली जनरल ने विन यांनी सत्ता घेतली आणि थोड्याच वर्षांत तो कार्यक्रम बंद झाला.

१९७८ साली लष्करी सरकारने ‘नागमिन’, म्हणजे नागराजा, नावाची मोहीम काढली. उद्देश सांगितला गेला तो परदेशी लोक हुडकण्याचा. अटका, मारझोड, बलात्कार अशा बातम्या गावोगाव पसरल्या आणि काही महिन्यांत सुमारे दोन लाख रोहिंग्या नफ ओलांडून बांगलादेशात आले.

बांगलादेशाला स्वतंत्र होऊन तेव्हा अवघी सात वर्षं झाली होती. १९७४ चा भीषण दुष्काळ ताजा होता. स्वतःची माणसं अर्धपोटी असताना या देशाने तेरा छावण्या उभ्या केल्या आणि संयुक्त राष्ट्रांकडे मदत मागितली. मदत आलीही. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये दोन्ही सरकारांत परतीचा करार झाला. पण निर्वासित परत जायला तयार होईनात. आणि इथे शिध्याचा प्रश्न उभा राहिला. छावणीत पोटभर मिळालं तर हे लोक जाणारच नाहीत, असा विचार अधिकाऱ्यांनी केला आणि शिधा तोकडा ठेवला गेला.

पुढचं चित्र आपल्यापर्यंत आलं ते ॲलन लिंडक्विस्ट या अधिकाऱ्यामुळे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेच्या कॉक्स बाजार इथल्या कार्यालयाचे ते प्रमुख होते. १९७९ मध्ये लिहिलेल्या अहवालात त्यांनी नोंदवलं की, वर्षभराच्या आत छावण्यांमध्ये सुमारे दहा हजार माणसं मेली, आणि त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलं होती. शिधा अपुरा ठेवणं हे धोरण होतं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी त्याला ठामपणे विरोध केला नाही, असंही त्यांनी लिहिलं. मृत्यू वाढले तसे परत जाणारेही वाढले. १९७९ संपेपर्यंत बहुतेक सगळे आराकानात परतले होते. कागदोपत्री मोहीम फत्ते झाली.

याच्याशेजारी १९७१ सालची आठवण ठेवून पाहावी. त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. त्यांच्यासाठी आपण पत्रावर पाच पैशांचं ‘रेफ्युजी रिलीफ’चं जादा तिकीट चिकटवत होतो, ज्येष्ठ वाचकांना ते आठवत असेल. त्या छावण्यांतही कॉलरा होता, चिखल होता, मुलं दगावत होती. पण डिसेंबरमध्ये युद्ध संपलं आणि पुढच्या काही महिन्यांत बहुतेक सगळे परत गेले. त्यासाठी कोणाचा तांदूळ कापावा लागला नाही. ज्या राजवटीला भिऊन ते पळाले होते ती राजवट गेली होती. नफ नदीपलीकडे १९७९ मध्ये असं काहीच बदललं नव्हतं.

उलट परिस्थिती बिघडली. १९८२ मध्ये ब्रह्मदेशाने नागरिकत्वाचा नवा कायदा केला. पहिलं इंग्रज-ब्रह्मी युद्ध १८२४ मध्ये सुरू झालं. त्याच्या आधीपासून, म्हणजे १८२३ च्या पूर्वीपासून देशात असलेल्या जमातींना पूर्ण नागरिकत्व मिळणार होतं. या जमाती कोणत्या, हे सरकार ठरवणार होतं, आणि सरकारने मान्य केलेल्या १३५ जमातींत रोहिंग्या हे नाव नाही. बुकॅननची नोंद १७९९ ची होती. तिचा काही उपयोग झाला नाही. कायद्यात अपवाद होते, दुय्यम दर्जाचं नागरिकत्व होतं. पण दीडशे वर्षांपूर्वीच्या आजोबा-पणजोबांचा पुरावा खेड्यातला शेतकरी कुठून आणणार?

मग १९९१-९२ मध्ये दुसरा लोंढा आला. या वेळी वेठबिगारी, जमिनी बळकावणं आणि लष्करी ठाण्यांचा जाच ही कारणं होती. सुमारे अडीच लाख लोक आले आणि वीसेक छावण्या उभ्या राहिल्या. या काळात बांगलादेशाने जी यंत्रणा उभी केली, तिच्या प्रमुखाच्या पदनामातच मदत आणि परत पाठवणी हे दोन्ही शब्द आहेत: ‘रेफ्युजी रिलीफ अँड रिपॅट्रिएशन कमिशनर’. ते पद आजही आहे. एका हाताने शिधा द्यायचा आणि दुसऱ्या हाताने माणसं परत धाडायची, अशी ही जबाबदारी आहे.

सुरुवातीची परत पाठवणी इतकी जबरदस्तीची होती की १९९२ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संघटना तिच्यातून बाहेर पडली. १९९३ मध्ये नवे करार झाले आणि तीच संघटना पुन्हा सामील झाली. पुढच्या चार वर्षांत सुमारे दोन लाख तीस हजार लोक परत गेले. यांतले किती जण खरोखर स्वखुशीने गेले, याबद्दल छावण्यांत दवाखाने चालवणाऱ्या संस्थांनी तेव्हाच शंका घेतली होती. परत न जाण्याचा हक्क आपल्याला आहे, हेच अनेकांना कोणी सांगितलं नव्हतं.

कुतुपालोंग आणि नयापाडा या दोन छावण्या तेवढ्या उरल्या. तिथल्या नोंदणी झालेल्या कुटुंबांना एक पुस्तिका मिळे. आपल्याकडच्या रेशनकार्डासारखी ती असे. तिच्यावर कुटुंबातल्या माणसांची संख्या, आणि त्या संख्येवर शिधा. पण परत पाठवलेल्यांपैकी कित्येक जण पुढच्या वर्षांत गुपचूप नदी ओलांडून पुन्हा आले. त्यांची नोंदणी झाली नाही. त्यांनी छावण्यांच्या कुंपणाशेजारीच पालं ठोकली. कुंपणाच्या आत पुस्तिका होती, बाहेर नव्हती. एकाच गावचे, कधी एकाच घरातले लोक कुंपणाच्या दोन बाजूंना राहिले. एकाला तांदूळ मिळे, दुसरा मजुरी शोधत रानोमाळ हिंडे. पोट आवळून माणसं परत पाठवता येतात, पण तिथे टिकवता येत नाहीत, हा धडा दोन पाठवण्यांतून मिळाला होता.

सीमा न ओलांडताही माणूस छावणीत जाऊ शकतो. २०१२ मध्ये राखाइनमध्ये बौद्ध आणि मुसलमान यांच्यात दंगली झाल्या आणि सुमारे एक लाख चाळीस हजार लोक, बहुतेक रोहिंग्या, सितवे शहराभोवतीच्या छावण्यांत कोंडले गेले. त्यांना बाहेर पडायला परवानगी नव्हती. दवाखाना, धान्य सगळं बाहेरून यायचं. २०१४ च्या फेब्रुवारीत ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेचं राखाइनमधलं काम सरकारने बंद पाडलं. पुढच्याच महिन्यात सितवेमधल्या मदतसंस्थांच्या कार्यालयांवर जमावाने हल्ले केले. कोंडलेल्या लोकांचा मुख्य डॉक्टर असा एका हुकमाने गेला.

२५ ऑगस्ट २०१७ रोजी ‘आर्सा’ या रोहिंग्या बंडखोर गटाने पोलिसांच्या सुमारे तीस चौक्यांवर हल्ले केले. त्यानंतर लष्कराने जे केलं ते जगाने पाहिलं. गावंच्या गावं जाळली गेली. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने छावण्यांत केलेल्या पाहणीनुसार पहिल्या एका महिन्यातच किमान ६,७०० माणसं हिंसाचारात मारली गेली; त्यांत पाच वर्षांखालची किमान ७३० मुलं होती. काही महिन्यांत सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशात पोचले.

पहिले काही दिवस त्यांना जगवलं ते उखिया आणि टेकनाफ या तालुक्यांतल्या साध्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी. मोठ्या संस्थांचे ट्रक पोचण्याआधी इथल्या लोकांनी अंगणं उघडी केली, भात शिजवून वाटला, जुने कपडे दिले. भारतानेही सप्टेंबरमध्ये ‘ऑपरेशन इन्सानियत’ या नावाने तांदूळ, डाळ, तेल, मीठ, मच्छरदाण्या असं सामान पाठवलं. मग टेकड्यांवरचं जंगल साफ झालं आणि बांबू-ताडपत्रीचं एक शहर उभं राहिलं. कुतुपालोंग-बालुखाली या एकाच वसाहतीत सहा लाखांच्या आसपास लोक राहू लागले.

एवढी माणसं एवढ्या दाटीने राहतात तेव्हा मदतीतून नवे प्रश्न जन्मतात. घाईने खोदलेले संडास कूपनलिकांना इतके जवळ पडले की पाणी दूषित झालं. २०१७ च्या अखेरीस घटसर्पाची साथ आली. सरपणासाठी डोंगर बोडके झाले आणि पावसाळ्यात दरडी कोसळू लागल्या. छावणी रानहत्तींच्या वाटेवरच वसल्यामुळे हत्तींनी झोपड्या तुडवल्या, माणसं मेली. मग निर्वासितांमधूनच हत्तींवर नजर ठेवणारी पथकं तयार झाली. पुढे घरोघर गॅसच्या टाक्या दिल्या, तेव्हा सरपणाची तोड घटली आणि टेकड्यांवर पुन्हा झाडं लावता आली. २२ मार्च २०२१ च्या आगीत हजारो झोपड्या जळाल्या आणि सुमारे पंचेचाळीस हजार लोक एका दुपारीत बेघर झाले. पक्की घरं बांधायला मात्र परवानगी नाही. पक्कं घर म्हणजे कायमचा मुक्काम, अशी सरकारला भीती. त्याच कारणाने बांगलादेश या लोकांना ‘निर्वासित’ म्हणत नाही. सरकारी कागदांवर ते ‘सक्तीने विस्थापित झालेले म्यानमारचे नागरिक’ आहेत. ज्या देशाने त्यांचं नागरिकत्व नाकारलं, त्याच देशाचे नागरिक म्हणून त्यांची इथे नोंद होते.

या भीतीला आपण सहज नावं ठेवू नयेत. उखिया-टेकनाफमध्ये निर्वासितांची संख्या स्थानिकांच्या जवळपास दुप्पट झाली. मजुरीचे दर पडले, भाजीपाला महागला, जंगल गेलं, रस्ते उखडले. ज्यांनी अंगणं उघडली त्यांनाच याची झळ बसली. मदतीच्या वार्षिक आराखड्यात आता स्थानिकांसाठीही हिस्सा ठेवला जातो, तो उगाच नव्हे.

आता पुन्हा शिध्याकडे येऊ. सुरुवातीला तांदूळ, डाळ, तेल असं सामान थेट वाटलं जाई. नंतर कुटुंबाला एक कार्ड मिळालं. त्याच्यावर माणशी दरमहा ठरावीक रक्कम जमा होते आणि छावणीतल्या ठरलेल्या दुकानांतून तांदूळ, डाळ, अंडी, सुकी मासळी, भाजी, मिरची घेता येते. आपल्या पसंतीने घेता येतं, ही या पद्धतीची मोठी सोय. ही रक्कम होती माणशी महिन्याला १२ डॉलर. म्हणजे दिवसाला ४० सेंट. मार्च २०२३ मध्ये ती १० डॉलर झाली, जूनमध्ये ८. जेवणामागे हिशेब केला तर नऊ सेंट. छावणीतल्या लोकांना बाहेर नोकरी-धंदा करायला कायद्याने मनाई आहे, त्यामुळे हा शिधा म्हणजे कुटुंबाची जवळजवळ सगळी चूल. त्या वर्षी किमान ५६९ रोहिंग्या समुद्रात बुडाले किंवा बेपत्ता झाले. मलेशिया-इंडोनेशियाकडे जाणाऱ्या मोडक्या होड्यांतून निघालेली ही माणसं होती. त्यांच्या जाण्याला कारणं अनेक. पण रिकामं होत चाललेलं कार्ड हे त्यांतलं एक.

या वेळी कपात करणाऱ्यांचा हेतू १९७८ सारखा नव्हता. जागतिक अन्न कार्यक्रमाकडे पैसेच नव्हते. ही संस्था पूर्णपणे ऐच्छिक देणग्यांवर चालते; कोणत्याही देशावर ठरावीक वर्गणीचं बंधन नाही. युक्रेनचं युद्ध, इतरत्रची संकटं यांमुळे २०२३ साली रोहिंग्यांसाठी मागितलेल्या रकमेपैकी जेमतेम निम्मी मिळाली. २०२४ मध्ये रक्कम टप्प्याटप्प्याने पुन्हा साडेबारा डॉलरपर्यंत चढली. मार्च २०२५ मध्ये ती एकदम ६ डॉलरवर येणार असं जाहीर झालं, आणि ऐन वेळी पैसे आल्याने ती १२ वर राहिली. त्याच वर्षी निधीअभावी छावण्यांतल्या हजारो मुलांचे वर्ग बंद पडले. हेतू वेगळा असेल, पण पुढच्या महिन्यात ताटात काय पडणार हे माहीत नसलेल्या आईच्या दृष्टीने १९७८ आणि २०२५ यांत फारसा फरक नाही.

परतीचं काय झालं? नोव्हेंबर २०१७ मध्येच दोन्ही देशांत करार झाला होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये पहिली तारीख ठरली. कोणी निघालं नाही. २२ ऑगस्ट २०१९ ला दुसरी तारीख होती. म्यानमारने ३,४५० नावं मंजूर केली होती, छावणीजवळ बस आणि ट्रक उभे होते. त्या दिवशीही एकही माणूस चढला नाही. नागरिकत्व, स्वतःचं गाव आणि जिवाची हमी, एवढ्या तीन गोष्टी ते मागत होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये पुन्हा लष्कराने सत्ता घेतली. मग लष्कर आणि आराकान आर्मी यांच्या लढाईत रोहिंग्या दोन्हीकडून भरडले गेले. २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत आणखी सुमारे दीड लाख लोक नफ ओलांडून आले.

त्या रिकाम्या बसमध्ये एक फरक मात्र नोंदवण्यासारखा आहे. १९७८ मध्ये माणसं परत गेली, कारण छावणीत मरण दिसत होतं. २०१९ मध्ये ती ‘नाही’ म्हणू शकली, कारण शिधा चालू होता आणि जबरदस्ती झाली नाही. पोटात अन्न असलेला माणूस आपल्या परतीच्या अटी बोलू शकतो. उपाशी माणसाला अटी नसतात. म्हणून शिधा किती द्यायचा आणि परत कधी जायचं, हे दोन हिशेब वेगळ्या वहीत ठेवायला हवेत. पहिला हिशेब माणसाला जगायला काय लागतं यावर व्हावा. दुसऱ्याचं उत्तर यांगून, नेपिडो आणि सितवे इथे शोधावं लागेल. कुतुपालोंगच्या दुकानातल्या तराजूत ते सापडणार नाही.

छावण्यांत आज दहा लाखांहून अधिक लोक आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक अठरा वर्षांखालचे आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांनी आराकान पाहिलेलाच नाही. म्यानमारचा शालेय अभ्यासक्रम २०२१ च्या अखेरीपासून त्यांना छावणीत शिकवला जाऊ लागला, तो एक दिवस परत जायचं आहे म्हणूनच. ते जातील तेव्हा धडधाकट आणि शिकलेले असावेत, एवढं तरी आपल्या पिढीच्या हातात आहे. त्याची किंमत माणशी महिन्याला १२ डॉलर आणि एक वर्ग एवढी आहे.